तिकडचं अकोला

अमरावतीच्या माणसाला अकोला महाग वाटतं आणि अकोल्याच्या माणसाला अमरावती. मी दोन्हीकडे संसार केला आहे. बँकेने माझी अकोल्याला बदली केली तेव्हा तिथली घरमालकीण मला ऐकवायची, "तुमच्या अमरावतीत तं मॅडम कोथिंबिरीच्या काड्याबी मोजून देतात म्हन्तात." परत आले तर इथली शेजारीण विचारायची, "अकोल्यात पाणीबी इकत घ्या लागते, खरं काय?" दोघींनाही मी कागदावर मांडून दाखवायला तयार होते. घरभाडं इथे जास्त, कूलरचं बिल तिथे जास्त, भाजी सारखीच, आणि महिनाअखेर हातात उरायचं ते दोन्हीकडे जवळपास तेवढंच. पण लोकांना हिशोब नको असतो, आपलं गाव वरचढ हवं असतं. मला हिशोबच हवा असायचा.

नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी घरकर्जाच्या टेबलावर होते. समोरच्याचा पगार किती हे कुणीही विचारतं. मी विचारायची, उरतं किती? भाडं, किराणा, पोरांची फी, आईबापांची औषधं असं एकेक काढत गेलं की माणूस काय लपवतो आहे ते आपोआप उघडं पडायचं. कुणाचा पानाचा खर्च निघायचा, कुणाचं दुसरं कर्ज. आमचा शिपाई म्हणायचा, मॅडमसमोर बसलं की खिशातली चिल्लरबी बोलाले लागते. त्याचं मला कौतुक वाटायचं. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही, आणि ती चालवायला माणूस उरलं होतं ते एकच, माझी मुलगी.

ती नागपूरला नोकरी करते, शनिवारी घरी येते. मागच्या वर्षी तिच्यासाठी दोन स्थळं एकदमच आली. दोन्ही मुलगे अमेरिकेत. एक आमच्या अमरावतीचाच, वकिलाच्या घरातला. दुसरा अकोल्याचा. त्याचे वडील सूतगिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर घराखालीच किराणा दुकान टाकून त्यांनी पोराला शिकवलेलं. दोघे तिकडे राहतात त्या गावांची नावं आम्ही कधी ऐकलेली नव्हती. फार मोठीही नाहीत, फार लहानही नाहीत, अशी मधली शहरं. आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ती नावं काही केल्या लक्षात राहीनात. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस, पण शेवटी त्यानेच सोपं करून टाकलं. अमरावतीचा मुलगा राहतो ती तिकडची अमरावती, अकोल्याचा राहतो ते तिकडचं अकोला.

मग मी कामाला लागले. डॉलरला रुपयांनी गुणून तोंडाचा आ करणाऱ्या बायका मला आवडत नाहीत. तिथला पगार तिथल्याच खर्चाशी ताडून पाहायचा असतो. इंटरनेटवर दोन शहरांची नावं टाकली की दूध, अंडी, वीज, भाडं, विमा, सगळं शेजारी शेजारी दिसतं. ते पाहिलं. माझ्या एका मैत्रिणीची मुलगी तिकडे बरीच वर्षं आहे, तिला फोन करकरून भंडावून सोडलं. गाडीशिवाय चालतं का? थंडीत घर गरम ठेवायला किती जातं? केस कापायला किती घेतात? ती बिचारी शेवटी म्हणाली, "काकू, लग्न तिचं आहे का तुमचं?" यांना मी रोज जेवताना बातम्या द्यायची. आज तिकडच्या अकोल्यात दूध स्वस्त. आज तिकडच्या अमरावतीत वीज महाग. हे वरणात लिंबू पिळत म्हणायचे, "हो का? मग उद्या आपण तिकडूनच आणू."

अमरावतीच्या मुलाचा हिशोब पहिल्या फटक्यात जुळला. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, उरेल ते बँकेत. त्याने विचारलं तेवढं सांगितलं, लपवण्यासारखं काही नव्हतंच. घोडं अडलं अकोल्यापाशी. त्या मुलाचा पगार थोडा जास्त आणि त्याचं शहर दोन्हींत स्वस्त. म्हणजे त्याच्याकडे भरपूर उरायला हवं. पण तसं कुठेच दिसेना. गाडी जुनीपुराणी. शिक्षणाचं कर्ज फेडून झालं, हे त्याच्या वडिलांनीच आम्हाला सांगितलेलं. व्हिडिओ कॉलवर अंगात नेहमी तोच करडा स्वेटर, आणि मागे नेहमी तीच भिंत. भिंतीवरून एक जाड पाइप गेलेला. मैत्रिणीच्या मुलीला मी ते वर्णन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तळघर असेल काकू, तळघरात असतात असे पाइप."

झालं. माझ्या डोक्यात सट्टा, जुगार, एखादी बाई, सगळं येऊन गेलं.

आणि माझ्या मुलीला आवडला होता तो हाच. तिने तोंडाने सांगितलं नव्हतं. पण अमरावतीच्या मुलाचा फोन आला की ती आमच्यासमोरच बोलायची आणि अकोल्याचा आला की गच्चीवर जायची. खाली यायची तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा. म्हणूनच तर मला जास्त भीती वाटत होती. मी तिला एकदा म्हटलंही, "त्या पोट्ट्याचा हिशोब लागून नाही राह्यला मले." ती म्हणाली, "आई, तू त्याचा हिशोब नको लावू. मी बोलली आहे त्याच्याशी." मी समजले, प्रेमात पडलेल्या पोरी असंच म्हणतात.

हिवाळ्यात तो सुट्टीवर आला, आणि अकोल्याहून निरोप आला की घर पाहायला या. मुलीकडच्यांनी मुलाचं घर पाहून यायची आपल्याकडे रीत आहे. मुलगी त्या वेळी जात नाही. ती घरीच थांबली आणि मी आणि हे निघालो, सोबत चांदूर बाजारच्या दिराकडून आलेली संत्र्यांची पिशवी घेऊन. गाडीत बसताना तिने माझा पदर नीट केला आणि म्हणाली, "आई, पाहूनच ये फक्त."

मुलाचे वडील रस्त्यावर येऊन उभे होते. नवा पांढरा सदरा, घडीच्या खुणा तशाच. खाली दुकान, मागे राहतं घर आणि वर नवा कोरा मजला. रंगाचा वास अजून गेला नव्हता. त्यांनी आम्हाला आधी पाणीसुद्धा घेऊ दिलं नाही, सरळ वर नेलं. दोन खोल्या, पांढरी फरशी, एका खोलीत पलंग आणि त्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. ते प्लॅस्टिकवरून हात फिरवत म्हणाले, "हे तुमच्या पोट्टीसाठी. तिकून सुट्टीवर आली का इथं राहाले. पोराले बोनस भेटला, त्यातून बांधलं बाप्पा. मी तं एक रुपया नाही लावला." जिन्याजवळ एक फोटो फ्रेम करून लावलेला. पुढे हिरवळ, मागे दुमजली घर आणि मध्ये मुलगा उभा. "हे त्याचं तिकडचं घर," ते म्हणाले. यांनी मान डोलावली. मी फोटोकडे नीट पाहिलं. घराच्या बुडाशी, जमिनीला टेकून, तळघराला असते तशी हातभर रुंदीची एक आडवी खिडकी होती.

त्याच वेळी मी गप्प बसायचं ठरवायला हवं होतं.

खाली पोहे आले, पेढे आले. मुलगा समोर बसला. व्हिडिओत दिसायचा त्यापेक्षा बारीक, शांत, डोळ्यांनी हसणारा. हे त्याच्याशी तिकडच्या बर्फाबद्दल बोलत होते. मी मध्येच विचारलं, "तिकडे भाडं किती पडतं हो तुम्हाला?"

"आहे काकू, ठीक आहे."

"मी पाहिलं आहे. तुमच्या शहरात भाडं कमी आहे. खाणंपिणं कमी. तुमच्या पगारात अर्धा तरी उरायला पाहिजे."

"उरते ना."

"मग जातो कुठे?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मुलगा म्हणाला, बचत करतो. मी विचारलं, कशात? तो म्हणाला, असंच, थोडं इकडे थोडं तिकडे. आता हे उत्तर मी टेबलावर हजार वेळा ऐकलेलं. हे ऐकलं की माझा आवाज थंड व्हायचा, तसा झाला. मी एकेक खर्च बोटावर मोजून दाखवला. वीज एवढी, विमा एवढा, गाडी जुनी आहे म्हणजे हप्ता नाही. मग म्हटलं, "एक तर पगार तुम्ही सांगता तेवढा नाही, नाहीतर खर्च असा आहे जो सांगता येत नाही. मुलीची आई आहे मी, मला विचारावंच लागेल."

मुलाचे वडील अजून हसतच होते. त्यांना वाटलं, शिकलेल्या बाईची हौस आहे. "मॅडम, पोराले काय कमी हाय तिथं? एवढं मोठं घर हाय त्याचं, आता तं फोटो पाह्यला तुमी."

"घर मोठं आहे," मी म्हटलं, "पण तुमचा मुलगा त्याच्या तळघरात राहतो. फोनवर मागे पाइप दिसतो."

बोलता बोलताच मला कळलं होतं, पण तोंड थांबलं नाही.

"तळघर?" वडील म्हणाले. ते मुलाकडे वळले. "काय म्हनून राह्यल्या या?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. कुणीतरी आपल्याला दगा दिला, असं पाहिलं त्याने. मग खाली मान घालून तो बापाशी बोलला. घर मालकाचं आहे. खालची खोली तिघांत घेतली आहे. पगार झाला की अर्ध्याहून जास्त इकडे येतो. बोनस वगैरे काही नव्हता.

"मंग वरचा मजला..." वडील एवढंच म्हणाले. त्यांच्या मांडीवर पोह्यांची बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. "आमी तुले म्हनलं होतं काय रे बांध म्हनून?"

"नाही बाबा. पन तुमी समोरच्याचा दुसरा मजला पाह्यला का गप होऊन जात होते."

त्या बैठकीत धरणीने पोटात घेतलं असतं तर मी आनंदाने गेले असते. मी जुगार शोधत होते, बाई शोधत होते, आणि सापडलं काय, तर घासातला घास काढून बापाची मान वर ठेवणारा मुलगा. हिशोब अगदी बरोबर निघाला होता, एक पैसा चुकला नव्हता. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

मुलाची आई आतून दारात येऊन उभी होती. आम्ही निघालो तेव्हा तिने आमची संत्र्यांची पिशवी आणून दिली. रिकामी पिशवी परत देत नाहीत म्हणून त्यात कुरडया भरल्या होत्या, वर कागद लावून, मोडू नयेत म्हणून. वडील रस्त्यापर्यंत आले नाहीत.

मूर्तिजापूर आल्यावर हे म्हणाले, "झालं समाधान?"

घरी मुलगी पायरीवरच बसली होती. फोन हातात. आमच्या आधी बातमी पोचली होती. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर मी उलट ओरडले असते, तेवढं मला जमतं. ती म्हणाली, "मले माहीत होतं आई. तळघर, पैसे, सगळं. त्यानं पहिल्याच महिन्यात सांगतलं होतं. त्याच्या बाबाले कळू देजो नको, एवढंच म्हनला होता."

"मग मला कावून नाही सांगितलं?"

"शब्द देला होता मी त्याले."

फोन तिने माझ्यापुढे धरला. त्याचा निरोप होता. तूच सांगितलंस ना, एवढाच. खाली तिने लिहिलं होतं, नाही, आईने अंदाजाने काढलं, शपथ. त्याखाली त्याचं काही नव्हतं. तिने पुन्हा लिहिलं होतं, पुन्हा पुन्हा लिहिलं होतं, आणि उत्तर नव्हतं. भाडं, पैसे, तळघर. या गोष्टी त्याने इकडे एकाच माणसाला सांगितल्या होत्या. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच समजले असते.

नंतरचे आठवडे घरात फार वाईट गेले. तो परत अमेरिकेत गेला. ती शनिवारी यायची, जेवायची, खोलीत जायची. माझ्याशी वाईट वागत नव्हती, हे सगळ्यात वाईट होतं. चहा केला की माझाही करायची. अमरावतीच्या मुलाला तिने स्वतःच नाही कळवलं. एकदा मी तिच्या दाराशी गेले तर आत ती फोनवर कुणाला तरी समजावत होती. आवाज रडून बसलेला. "मी नाही सांगतलं रे, मी कावून सांगीन?" पलीकडून फोन ठेवला गेला असावा, कारण ती बोलायची मध्येच थांबली.

तेव्हा मी ठरवलं, आपण जाऊन हे निस्तरायचं. हे म्हणाले, "आता अजून काय बिघडवायचं राहिलं आहे?" मी ऐकलं नाही. एका शनिवारी एकटीच एसटीने अकोल्याला गेले.

घराच्या वरच्या मजल्याला पाटी लागली होती, भाड्याने देणे आहे. मुलाचे वडील दुकानात गिऱ्हाईकाला साखर तोलून देत होते. मला पाहून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. रागावतील म्हणून मी तयारी करून गेले होते, तर ते चहा सांगायला निघाले. मी म्हटलं, "चहा नको. मी माफी मागायला आले आहे."

"कायची माफी मॅडम? तुमी खोटं काय बोलल्या?" ते गल्ल्यामागे बसले. "पैसे पाठवू नको म्हनून सांगतलं आता त्याले. मजला भाड्यानं गेला का बरं होईन. पन एक झालं. मी रोज इचारत होतो त्याले, जेवला काय रे? तो म्हने, जेवलो. मले समाधान वाटे. आताबी इचारतो. आताबी तो जेवलोच म्हनते. पन आता मले खरंच वाटत नाही."

साखरेची गोणी होती तिच्याकडे बघत राहिले. मग कशीबशी म्हणाले की माझ्या मुलीने शब्द मोडलेला नाही, एवढं तरी त्याला कळू द्या. ते म्हणाले, हे तुमीच सांगा त्याले. दिवेलागण झाली होती, म्हणजे तिकडे सकाळ. त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला.

तोच स्वेटर, तोच पाइप. मी त्याला सगळं सांगितलं. कोणत्या संकेतस्थळावर काय पाहिलं, मैत्रिणीच्या मुलीला काय विचारलं, कुठून किती वजा केलं. एकेक आकडा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणासमोर अशी बसले होते की पुढच्याने माझा हिशोब तपासावा. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "काकू, हे खरंच तुम्हीच काढलं?" मी म्हटलं, मुलीची शपथ. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरताना मला दिसलं. "मले वाटलं तिनंच..." तो म्हणाला आणि पुढे बोलू शकला नाही. "मी लावतो तिले आत्ताच फोन."

परतीच्या एसटीत मला फार दिवसांनी हलकं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटत होता. बिघडवलं मी, निस्तरलंही मीच.

घरात शिरले तर हे टीव्हीसमोर, आवाज बंद करून. मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसलेली आणि पुढ्यात फोन वाजत होता. त्याचं नाव दिसत होतं. ती उचलत नव्हती. वाजून बंद झाला, पुन्हा वाजू लागला.

"उचल ना," मी चप्पल काढता काढता म्हटलं. "मी बोलली त्याच्याशी. त्याले पटलं आता."

"माहीत आहे. लिहिलं त्यानं." तिने वर पाहिलं. डोळे कोरडे होते आणि आवाज थंड. तो आवाज माझा होता, टेबलामागचा. "मी रडून रडून सांगतलं तवा त्याले नाही पटलं. तू जाऊन सांगतलं अन् लगेच पटलं. आई, मी काय तिथं कर्ज मागाले गेली होती, म्हनून मले जामीनदार लागला?"

फोन वाजायचा थांबला. मी तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसले. लाज अशी वाटत होती की उठून आत जायचंही सुचलं नाही.